न आलेला दात आणि न येणारा घाम

दुधाचा दात पडला की घरात वाट पाहणं सुरू होतं. महिना जातो, दोन महिने जातात, सहा महिने जातात. शेजारच्या बाकावरच्या मुलीचे वरचे चारही पटाशीचे दात आलेले असतात आणि आपल्या मुलाच्या मधल्या दोन दातांशेजारची फट तशीच असते. मग कारणं शोधली जातात. पडलेला दात पत्र्यावर फेकायचा राहिला. दोरा बांधून ओढला तेव्हा मूळच निघून आलं. गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही. सुनेने कॅल्शियमच्या गोळ्या घेतल्या नाहीत. मी सोलापुरात मुलांच्या दातांवर उपचार करते आणि यातलं शेवटचं कारण मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं. बहुतेक वेळा ते त्या सुनेच्या समोरच सांगितलं जातं आणि ती मान खाली घालून ऐकून घेते.

हे कारण खरं नाही. कॅल्शियम कमी पडलं म्हणून जबड्यातला एखादा दात नाहीसा होत नाही. दात बनायला आधी पेशींचा अंकुर धरावा लागतो, कॅल्शियम त्याच्यावर नंतर चढतं. अंकुरच धरला नसेल तर आईने कितीही गोळ्या घेतल्या असत्या तरी कॅल्शियम चढायला जागाच नव्हती. आणि अंकुर का धरला नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा जनुकांमध्ये असतं. ती आई आणि वडील दोघांकडून आलेली असतात, आणि कोणती द्यायची हे दोघांपैकी कोणीच ठरवलेलं नसतं.

आधी एक्स-रे

दिसत नाही म्हणजे दात नाहीच, असं धरून चालू नये. पक्का दात हाडात आडवा होऊन अडकलेला असू शकतो, वरच्या सुळ्यांचं असं खूपदा होतं. थायरॉइड कमी असेल किंवा मुडदूस असेल तर सगळेच दात उशिरा येतात. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात, पण त्याने दात नाहीसे होत नाहीत. आणि पाच वर्षांच्या आतच दुधाचे दात मुळासकट गळायला लागले, तर ती अगदी वेगळी गोष्ट आहे. तिथे दात बनला होता, टिकला नाही. त्यामागे हाडांचा किंवा हिरड्यांचा दुर्मिळ आजार असू शकतो, म्हणून अशा वेळी वाट न पाहता लगेच दाखवावं.

दात बनलाच नाही हे एक्स-रेशिवाय कोणीही सांगू शकत नाही. दोन्ही जबडे एकाच फोटोत दिसतात त्या एक्स-रेला ओपीजी म्हणतात, आणि सोलापुरात तो सहज निघतो. प्रश्न वयाचा असतो. सुळा आणि दाढ यांच्यामधल्या दोन दातांना उपदाढा म्हणतात. खालची दुसरी उपदाढ काही मुलांमध्ये इतकी उशिरा आकार धरते की सहाव्या वर्षीच्या एक्स-रेत तिचा मागमूस नसतो आणि आठव्या वर्षी ती दिसायला लागते. त्यामुळे लहान वयातल्या एका एक्स-रेवरून ‘उपदाढ नाही’ असं ठामपणे सांगणं घाईचं होतं. आठ-नऊ वर्षांनंतरचा एक्स-रे जास्त भरवशाचा.

घरी लक्ष ठेवायला ढोबळ वेळापत्रक पुरेसं आहे. पहिला दुधाचा दात साधारण सहाव्या-सातव्या महिन्यात येतो. सव्वा वर्षाचं बाळ झालं आणि तोंडात एकही दात नसेल तर दाखवायला हवं. पक्क्या दातांपैकी खालचे मधले दात आणि पहिली दाढ सहाव्या-सातव्या वर्षी येतात, वरचे बाजूचे पटाशीचे दात आठव्या-नवव्या वर्षी, आणि उपदाढा दहा ते बारा या काळात. मात्र वयापेक्षाही उपयोगाची खूण म्हणजे डावी-उजवी तुलना. एका बाजूचा दात येऊन सहा महिने झाले आणि दुसऱ्या बाजूचा तोच दात आला नाही, तर एक्स-रे काढून घ्यावा.

कोणते दात नसतात

अक्कलदाढा बाजूला ठेवल्या, तर जगभरच्या अभ्यासांची सरासरी सांगते की साधारण ६ टक्के लोकांत एखादा तरी पक्का दात मुळातच बनलेला नसतो. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात तीन-चार जण. मुलींमध्ये हे प्रमाण थोडं जास्त आढळतं. अक्कलदाढ धरली तर आकडा खूप वाढतो, कारण पाचातल्या एकाला तरी एखादी अक्कलदाढ नसतेच, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. दुधाचे दात न बनणं मात्र दुर्मिळ आहे. म्हणूनच दुधाचाच दात नसेल तर मी जास्त सावध होते, कारण बहुतेक वेळा त्याच्या जागचा पक्का दातही नसतो.

गैरहजर दातांमध्ये एक शिस्त दिसते. सगळ्यात जास्त वेळा नसतात ते खालची दुसरी उपदाढ, वरचा बाजूचा पटाशीचा दात आणि वरची दुसरी उपदाढ. पटाशीच्या दातांचा एक गट, उपदाढांचा दुसरा, दाढांचा तिसरा. प्रत्येक गटातला शेवटचा दात सगळ्यात डळमळीत असतो, आणि अक्कलदाढही तिच्या गटातली शेवटचीच. गटातला पहिला दात, म्हणजे वरचा मधला पटाशीचा किंवा पहिली दाढ, नसेल तर ती गोष्ट नेहमीची नाही. तिथे जास्त खोलात जाऊन तपासावं लागतं.

एक ते पाच दात कमी असणं हा सौम्य प्रकार. सहा किंवा त्याहून जास्त कमी असतील तर तो गंभीर प्रकार, आणि तिथे जनुकीय तपासणीचा विचार करावा.

जनुकं नेमकं काय करतात

गर्भ सहा आठवड्यांचा असतो तेव्हा होणाऱ्या जबड्याच्या कडेने अस्तराची एक पट्टी जाड व्हायला लागते. तिच्यात ठराविक जागी पेशी गोळा होतात आणि दुधाच्या वीस दातांचे अंकुर धरतात. पक्क्या दातांचे अंकुर गर्भारपणाच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास सुरू होतात आणि हे काम जन्मानंतरही काही वर्षं चालू राहतं. म्हणूनच अगदी लहान वयात कॅन्सरसाठी केमो किंवा रेडिएशन घ्यावं लागलेल्या मुलांचे काही दात बनत नाहीत. त्यात आनुवंशिक काहीच नसतं.

या सगळ्या काळात वरचं अस्तर आणि त्याच्या खालच्या पेशी एकमेकांना रासायनिक निरोप पाठवत असतात: इथे वाढ, इथे थांब, आता टोक धर. हे निरोप म्हणजे प्रथिनं, आणि ती कशी बनवायची याची सूचना म्हणजे जनुक. प्रत्येक जनुकाच्या बहुधा दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एक प्रत बिघडली तर प्रथिन निम्मंच तयार होतं. शरीरातल्या पुष्कळ कामांना निम्म्यावर भागतं, दाताच्या अंकुराला भागत नाही. उंदरांमध्ये पॅक्स-९ किंवा एमएसएक्स-१ ही जनुकं पूर्ण बंद केली की दात कळीच्या अवस्थेतच थांबतात, पुढे सरकत नाहीत.

इथे आपल्या गावचंच उदाहरण चपखल बसतं. सोलापुरी चादरीची नक्षी जॅकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर ठरते. एका पुठ्ठ्यात एखादं भोक पाडायचं राहिलं, तरी चादर पूर्ण विणली जाते, ऊबही तेवढीच देते. फक्त त्या पुठ्ठ्यावर निघालेल्या प्रत्येक चादरीत फुलाची तीच पाकळी अर्धवट असते. जनुकातला बदल असाच पिढीतून पिढीत जातो. १९९६ साली एमएसएक्स-१ मधला बदल ज्या कुटुंबात पहिल्यांदा सापडला, तिथे एकाच घरातल्या अनेकांना दुसऱ्या उपदाढा आणि अक्कलदाढा नव्हत्या. २००० साली पॅक्स-९ चा बदल सापडला तो दाढा नसलेल्या कुटुंबात. कुठले दात नाहीत, यावरून कुठल्या जनुकाकडे पाहायचं याचा अंदाज येतो.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं जनुक मात्र डब्ल्यूएनटी-१०ए. त्याची एक प्रत बिघडली असेल तर एखाद-दुसरा दात नसतो, किंवा काहीच जाणवत नाही. दोन्ही प्रती बिघडल्या तर दुधाचे दात जवळजवळ सगळे येतात, पण ते पडल्यावर पक्के दात मोजकेच निघतात. अशा मुलांचे आईवडील पूर्ण बेसावध असतात, कारण सहाव्या वर्षापर्यंत तोंडात सगळं ठीक दिसतं.

‘आमच्याकडे कोणालाच असं नाही’

हे वाक्य प्रत्येक वेळी येतं आणि ते सांगणारे खोटं बोलत नसतात. त्यांनी कधी पाहिलेलं नसतं, इतकंच. बऱ्याच जनुकांत एक बिघडलेली प्रत पुरेशी असते, आणि ती ज्याच्याकडे आहे त्याच्या प्रत्येक मुलाला मिळण्याची शक्यता निम्मी. पण तोच बदल घरातल्या प्रत्येकात सारखा दिसत नाही. वडिलांचा बाजूचा पटाशीचा दात नुसता बारीक आणि टोकदार असतो, आत्याची अक्कलदाढ नसते आणि मुलाच्या सहा उपदाढा-दाढा गायब असतात. तिघांकडे बदल एकच. आणखी एक खूण म्हणजे चाळिशीतल्या माणसाच्या तोंडात टिकून राहिलेला दुधाचा दात. खाली पक्का दात नसेल तर दुधाच्या दाताचं मूळ लवकर झिजत नाही आणि तो वर्षानुवर्षं काम करतो. म्हणून मी मुलाबरोबर आलेल्या आई-बाबांना, आजीलाही, तोंड उघडायला सांगते.

नात्यातल्या लग्नांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आपल्या जिल्ह्यात मामाची मुलगी करणं रूढ आहे, आणि काही तेलुगू-कन्नड भाषक घरांत मामा-भाचीचं लग्नही होत आलं आहे. जो दोष दिसायला दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, तो अशा लग्नांत जास्त वेळा वर येतो, कारण सख्ख्या मामे-आते भावंडांची सरासरी एक अष्टमांश जनुकं एकाच पूर्वजाकडून आलेली असतात आणि मामा-भाचीत एक चतुर्थांश. म्हणजे नात्यात लग्न केलेल्या सगळ्यांच्या मुलांना त्रास होतो असं नाही, बहुसंख्य मुलं निरोगीच असतात. पण डॉक्टरने ‘तुमचं लग्न नात्यातलं आहे का’ असं विचारलं तर लपवू नये. तो प्रश्न तुमच्या घराला नावं ठेवायला विचारलेला नसतो. उत्तरावरून पुढच्या तपासणीची दिशा बदलते.

घामाचा प्रश्न

दात कमी असलेल्या मुलाच्या पालकांना मी पहिला प्रश्न दाताबद्दल विचारत नाही. ‘याला घाम येतो का?’ असं विचारते.

दात, केस, नखं आणि घामाच्या ग्रंथी ही सगळी गर्भाच्या एकाच बाहेरच्या थरातून बनतात. त्या थराला ‘इथे केस, इथे घामाची ग्रंथी, इथे दात’ असा निरोप देणारं एक प्रथिन आहे, आणि त्याचं जनुक आहे ईडीए. ते एक्स गुणसूत्रावर असतं. ते बिघडलं तर दात मोजकेच आणि सुळ्यासारखे टोकदार येतात, केस आणि भुवया विरळ असतात, आणि घामाच्या ग्रंथी फार कमी असतात किंवा नसतातच. मुलगे एकच एक्स घेऊन येतात, त्यामुळे त्यांना पूर्ण आजार होतो. बिघडलेली एक प्रत असलेल्या बाईला दुसऱ्या एक्सचा आधार असतो. तिच्यात सौम्य खुणा दिसतात: एखादा टोकदार दात, एखादा नसलेला दात, कुठे कुठे कमी घाम. तिच्या प्रत्येक मुलग्याला आजार होण्याची आणि प्रत्येक मुलीला ती प्रत मिळण्याची शक्यता निम्मी. आजार असलेल्या पुरुषाच्या मुलग्यांना तो त्याच्याकडून जात नाही, पण ती प्रत त्याच्या प्रत्येक मुलीकडे जाते. कधीकधी हा बदल कोणाकडूनही आलेला नसतो, त्या बाळातच नव्याने घडलेला असतो.

या आजाराच्या पहिल्या वर्णनांपैकी एक आपल्याच उपखंडातलं आहे. चार्ल्स डार्विनने १८७५ साली सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल लिहिलं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. चार पिढ्यांतल्या दहा पुरुषांना मोजकेच दात होते, अंगावर केस अगदी कमी, टक्कल लवकर पडे, आणि उन्हाळ्यात कोरड्या कातडीमुळे त्यांचे हाल होत. मुलींना काही होत नव्हतं, पण त्यांच्या मुलग्यांमध्ये ते उतरत होतं. गुणसूत्रं कोणाला माहीत नव्हती तेव्हाची ही नोंद आहे. पुढे १९९६ साली ईडीए जनुक सापडलं आणि त्या कुटुंबाचं कोडं उलगडलं.

आता हे सोलापुरात ठेवून पाहा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी सहज ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत दुपारी निजवलेल्या बाळाला घामच येत नसेल, तर त्याचं अंग तापायला लागतं. घरचे ताप समजून डॉक्टरांकडे नेतात, रक्त तपासलं जातं, काही सापडत नाही, तापाचं औषध दिलं जातं आणि उतरत नाही, कारण हा ताप जंतूंचा नसतो. संध्याकाळी हवा गार झाली की आपोआप उतरतो. असे ‘कारण न सापडणारे’ ताप पहिल्या वर्ष-दोन वर्षांत वारंवार येतात आणि ते जिवावरही बेतू शकतात. जावळ काढायची वेळ आली तरी डोक्यावर धड केस नाहीत, वर्ष उलटून गेलं तरी दात नाही, उन्हाळ्यात सारखा ताप, नाकात कोरड्या खपल्या, डोळ्यांभोवती काळपट सुरकुतलेली कातडी. या गोष्टी आजीने वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या डॉक्टरांना सांगितलेल्या असतात. त्या एकत्र सांगितल्या तर निदान काही मिनिटांत जवळ येतं.

एकदा कळलं की काळजी घेणं अवघड नाही. उन्हात बाहेर न्यायचं तर बनियन ओला करून घालावा. पाण्याची फवाऱ्याची बाटली दप्तरात असावी. आपल्या कोरड्या हवेत कूलर चांगला चालतो, त्याच्यासमोर झोपवावं. अंग तापलं की आधी ओल्या फडक्याने पुसून वारा घालावा आणि तरीही उतरलं नाही तर लगेच दवाखाना गाठावा, कारण अशा मुलांना खरा जंतुसंसर्गही होऊ शकतो. शाळेला लेखी कळवावं: दुपारच्या उन्हातल्या कवायतीतून सूट आणि वर्गात पंख्याखालची जागा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासायला येतं. त्यांना दात दाखवताना घामाचंही सांगावं, अंगणवाडी ताईंनाही सांगून ठेवावं.

दातांसोबत इतर गोष्टीही असू शकतात. दुभंगलेल्या ओठाच्या जागचा दात बऱ्याचदा नसतो, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांतही दात कमी असणं नेहमीचं आहे. एक्सिन-२ या जनुकाचं मात्र आवर्जून सांगायला हवं. २००४ साली फिनलंडमधल्या एका कुटुंबात दिसलं की ज्यांना पुष्कळ पक्के दात नव्हते, त्यांना मोठेपणी आतड्याचा कॅन्सर किंवा त्याआधीच्या गाठी होत होत्या. हे दुर्मिळ आहे आणि एक-दोन दात नसलेल्याने घाबरण्याचं कारण नाही. पण पुष्कळ दात नाहीत आणि घरात कमी वयात आतड्याचा कॅन्सर झालेला आहे, या दोन गोष्टी एकत्र असतील तर डॉक्टरांना दोन्ही सांगा.

तपासणी आणि उपचार

एखादा दात नसेल आणि बाकी सगळं ठीक असेल, तर जनुकीय तपासणीवर पैसे घालवू नयेत. उपचार त्याने बदलत नाहीत. सहा किंवा जास्त दात नसतील, घाम-केस-नखांच्या तक्रारी असतील किंवा पुढच्या बाळाचा विचार चालू असेल, तर ती करावी. थोडंसं रक्त पुरतं. आधी आनुवंशिकी तज्ज्ञाला भेटावं आणि मगच चाचणी निवडावी. त्यासाठी आपल्याकडचे लोक पुण्या-मुंबईला जातात. हैदराबादही रेल्वेने सोयीचं आहे आणि तिथे सीडीएफडी ही केंद्र सरकारची संस्था अशा चाचण्यांवर काम करते.

उपचारात सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. खाली पक्का दात नसलेला दुधाचा दात निरोगी असेल तर तो जपायचा, कीड लागली तर भरून घ्यायचा. ‘दुधाचाच आहे, काढून टाका’ हे अशा वेळी नुकसानीचं ठरतं. जागा ठेवायची की तारा लावून शेजारचे दात सरकवून ती बंद करायची, हे दहा-बारा वर्षांच्या सुमारास ठरवावं लागतं. वरचा बाजूचा पटाशीचा दात नसेल तर सुळा पुढे आणून त्याला घासून-भरून तसा आकार देता येतो. इम्प्लांट, म्हणजे हाडात पक्का बसवलेला कृत्रिम दात, मात्र जबड्याची वाढ पूर्ण झाल्यावरच, म्हणजे साधारण अठरा-वीसनंतर. इम्प्लांट हाडाला चिकटून जागचा हलत नाही आणि शेजारचे दात मात्र वाढीबरोबर खाली सरकतात, त्यामुळे लवकर बसवलेला दात काही वर्षांत वर अडकल्यासारखा दिसतो.

खूप दात नसलेल्या मुलांना मात्र थांबवून ठेवू नये. तीन-चार वर्षांचं मूलही काढता येणारी कवळी सरावाने वापरतं. टोकदार दातांना दाताच्याच रंगाच्या मसाल्याने आकार देता येतो. कवळी वाढीबरोबर बदलत राहावी लागते आणि तो खर्च आहे. पण ज्वारीची भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय खाता येणं आणि वर्गात ‘बोळकं’ म्हणून कोणी न चिडवणं, हे त्या वयात फार मोठं असतं.

नवं संशोधन खरं आहे, पण अजून आपल्या मुलांपर्यंत पोहोचलेलं नाही. २०१८ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं की ईडीएचं प्रथिन गर्भजलात टोचल्यावर तीन मुलगे घाम येणारे जन्मले. जपानमध्ये क्योटोला २०२४ साली दात उगवायला मदत करणाऱ्या औषधाची माणसांवरची पहिली चाचणी सुरू झाली. ती सुरक्षितता पाहण्यासाठी होती आणि त्यात तीस ते चौसष्ट वयाचे पुरुष घेतले होते. मुलांसाठी ‘दात उगवणारं औषध’ म्हणून कोणी आज काही विकत असेल तर घेऊ नका.

मोठ्या भावंडाचा दात बनलेला नाही हे कळलं असेल, तर धाकट्यालाही आठव्या-नवव्या वर्षी एकदा दाखवून घ्या. येताना घरातल्या कोणाकोणाचे कोणते दात नव्हते, कोणाचा दात बारीक आहे, कोणाला घाम कमी येतो, हे माहेर आणि सासर दोन्हीकडे विचारून कागदावर लिहून आणा.